सातवीच्या मुलांना नैसर्गिक निवड शिकवताना ‘गरज’ हा शब्द कसा सोडवू?

खाडीकाठची बाई

नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, पंधरा वर्षं झाली. सातवीच्या वर्गात ४२ मुलं आहेत. निम्म्यांचे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडे. आठ-दहा मुलं दिवा कोळीवाड्यातली, बाकीची रबाळे-घणसोलीहून येतात.

सातवीच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘सजीव सृष्टी : अनुकूलन व वर्गीकरण’. उंटाचे पसरट तळवे, निवडुंगाचे काटे, हे मुलं भराभर पाठ करतात. उत्क्रांतीचा सविस्तर धडा दहावीत येतो. पण ‘हे असं झालं कसं?’ हा प्रश्न मुलं सातवीतच विचारतात आणि तो तीन वर्षं झाकून ठेवावा असं मला वाटत नाही. म्हणून यंदा घटक चाचणीत एक प्रश्न मी स्वतःच्या मनाने घातला. आदल्याच आठवड्यात खाडीवरच्या जैवविविधता केंद्रात सहल गेली होती, मुलांनी चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या पाहिल्या होत्या. प्रश्न होता: ‘निवटी हा मासा असून चिखलावर चालतो. हे कसं घडलं असेल? चार ओळींत लिहा.’

४२ पैकी ३१ मुलांनी एकच गोष्ट लिहिली, शब्द तेवढे वेगळे. निवटीला चिखलावर यायची गरज होती म्हणून तिने परांचे पाय केले. एका मुलीने तर लिहिलं, ‘ओहोटीला पाणी निघून जायचं आणि निवटी मागे राहायची. तिने रोज प्रयत्न केले. प्रयत्नांती परमेश्वर.’ त्या उत्तरावर लाल पेन चालवायला माझा हात झाला नाही. दिवसभर आम्हीच तिला सांगतो की प्रयत्न केले की फळ मिळतं. तिने तेच निवटीला लावलं.

घरी येऊन मी माझी टाचणवही उघडली. त्यात माझ्याच अक्षरात होतं, ‘प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात, याला अनुकूलन म्हणतात.’ आता मराठीत जुळवून कोण घेतं? नवी सून सासरी जुळवून घेते. गावाहून आलेलं पोर शहरातल्या शाळेत जुळवून घेतं. म्हणजे एक जीव, त्याच्या एका आयुष्यात, मनावर घेऊन जे करतो ते. मुलं माझ्या वाक्यातून जे समजायचं तेच समजली. चूक माझ्या क्रियापदात आहे, पण त्याजागी दुसरं काय वापरू?

आणखी दोन गोष्टी अडल्या आहेत. ‘निवड’ म्हटल्यावर एका मुलाने विचारलं, ‘बाई, निवड म्हणजे कुणीतरी निवडणार ना? मग निसर्ग म्हणजे देव का?’ एकीच्या आजोबांनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली की हे सगळं आपल्या दशावतारात आहेच, मत्स्य, कूर्म, वराह, तेवढं सांगितलं की मुलांना पटकन कळेल. त्यांना काय उत्तर देऊ?

दुसरं फ्लेमिंगोंचं. अनुवंशाने येणारे गुण सांगताना मी पक्ष्यांच्या रंगाचं उदाहरण दिलं, ‘फ्लेमिंगो गुलाबी, त्याचं पिल्लू गुलाबी’ असं बोलून गेले. नंतर वाचलं की पिल्लं राखाडी असतात आणि गुलाबी रंग खाण्यातून येतो. वर्गात जाऊन मी चुकीचं सांगितलं म्हणून कबूल केलं. पण मग अनुवंशाने काय येतं आणि काय येत नाही, हे हाताशी असलेल्या गोष्टींतून कसं दाखवू?

ज्यांनी हे वर्गात शिकवलंय त्यांनी जरूर लिहावं. हे मला नीट शिकवायचं आहे.

नौपाड्याचा मास्तर

बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी एका महाविद्यालयात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या ३१ मुलांसारखीच उत्तरं मी पदवीच्या पहिल्या वर्षालाही वाचली आहेत. तेव्हा ही अडचण सातवीची नाही. ती लवकर सापडली हे बरं झालं.

क्रियापदाबद्दल तुम्ही अचूक बोट ठेवलंय. ‘जुळवून घेतलं’ ऐवजी ‘जुळत होतं’ म्हणून बघा. ‘निवट्यांनी चिखलाशी जुळवून घेतलं’ असं नको. ‘ज्या निवट्यांचं चिखलाशी जरा जास्त जुळत होतं, त्यांची पिल्लं जास्त उरली.’ वाक्य लांब होतं, होऊ द्या. त्यात तीन गोष्टी आपोआप येतात: निवट्या मुळात एकसारख्या नव्हत्या, फरक आधीपासून होता, आणि हिशेब पिल्लांचा आहे. यातली एक जरी गळली तरी मूल पुन्हा ‘गरज’वर येतं.

‘निवड’ या शब्दाबद्दल त्या मुलाला शाबासकी द्या. आपल्याकडे निवडणं म्हणजे ताटात तांदूळ घेऊन खडे बाजूला काढणं. तिथे निवडणारी आई असते, तिचे डोळे असतात, मनात हेतू असतो. त्या मुलाला जे खटकलं तेच आल्फ्रेड वॉलेसला खटकलं होतं. वॉलेस म्हणजे डार्विनच्या बरोबरीने, स्वतंत्रपणे याच विचारापर्यंत पोचलेला माणूस, १८५८ मध्ये दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. त्याने १८६६ साली डार्विनला पत्र लिहून सांगितलं की ‘निवड’ म्हटलं की लोकांना कुणीतरी निवडणारा बसलाय असं वाटतं. ऐरोलीच्या सातवीतल्या मुलाला हे सांगितलंत तर त्याला काय वाटेल!

मी वर्गात ‘चाळण’ म्हणायचो. चाळणीला हेतू नसतो. भोकं जेवढी तेवढं खाली पडतं, बाकीचं वर राहतं. पण एक काळजी घ्या. चाळण एकदा हलवली म्हणजे उत्क्रांती झाली असं नाही. वर जे राहिलं ते पेरायचं, त्याचं पीक यायचं, त्या पिकात पुन्हा थोडे थोडे फरक असायचे आणि मग पुन्हा चाळायचं. तुमच्या साताऱ्याकडच्या मुलांच्या आज्यांनी बियाण्यासाठी ज्वारीची टपोरी कणसं बाजूला बांधून ठेवलेली असतील. तिथे निवडणारी आजी आहे. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात अशाच ठिकाणाहून केली, माणसाने पाळलेल्या जनावरांपासून, विशेषतः कबुतरांपासून. आधी आजीची निवड, मग आजी काढून टाका आणि विचारा, आता कणसं कोण वेगळी करेल? दुष्काळ करेल, कीड करेल.

दुष्काळावरून एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या वर्गाला फार जवळची वाटेल. गॅलापागोस बेटांमध्ये डॅफ्ने मेजर नावाचं छोटं बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांची मोजमापं घेत होतं, एकेका पक्ष्याच्या पायात कडी घालून. १९७७ साली पाऊसच पडला नाही. मऊ, बारीक बिया संपल्या. उरल्या त्या मोठ्या, टणक, काटेरी बिया. ती वनस्पती ट्रायब्युलस, म्हणजे आपल्या सराट्याच्याच गोतातली! माणदेशात अनवाणी चाललेल्या कुठल्याही मुलाला सराटा माहीत असतो. तसलं काटेरी फळ चोचीने फोडायचं आहे. ज्यांची चोच जाड होती त्यांना जमलं. शंभरातले साधारण पंधराच पक्षी वाचले आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने थोडी जाड भरली, चारेक टक्के.

आता नीट बघा. कुठल्याही पक्ष्याने आपली चोच जाड केली नाही. जो बारीक चोचीचा होता तो बारीक चोचीनेच मेला. त्याला गरज नव्हती का? होती, इतरांपेक्षा जास्त होती. हा प्रश्न वर्गात विचारा आणि थोडा वेळ काही बोलू नका.

पुढचा भाग बहुतेक पुस्तकांत गळतो. १९८३ मध्ये तिथे अफाट पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं आणि त्यानंतरच्या वर्षांत लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. म्हणजे ही ‘प्रगती’ नव्हे, जिना नव्हे. चाळणीची भोकं बदलली की उरणारेही बदलतात.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नातीसाठी आपुलकीने लिहिलंय, वर्गात खोडून काढू नका. पण दशावतारात एकच विष्णू, काही कार्यासाठी, रूप घेऊन येतो. नेमका तो ‘कार्यासाठी’ आपल्याला इथे नको आहे, कारण त्याने मूल परत गरजेपाशी जातं. गोष्ट गोष्टीच्या तासाला सांगावी.

अनुवंशाबद्दल: कान टोचणं. आपल्याकडे किती शतकं बारशाच्या सुमारास कान टोचतात? एक तरी मूल भोक घेऊन जन्मलं का? पणजीच्या कपाळावरचं गोंदण आजीच्या कपाळावर आपोआप उतरलं का? जर्मनीत ऑगस्ट वाइसमान याने हेच उंदरांवर करून पाहिलं होतं. पाच पिढ्या शेपट्या कापल्या, ९०१ पिल्लं जन्मली, एकाचीही शेपूट आखूड नव्हती. मुलं वाइसमानचं नाव विसरतील, कान टोचलेला विसरणार नाहीत.

आणि फ्लेमिंगोचं उदाहरण टाकून देऊ नका, ते सोनं आहे. वाकडी चोच, तिच्या कडेची गाळणी, डोकं उलटं करून खाण्याची पद्धत, हे सगळं वारशाने येतं. गुलाबी रंग शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून येतो. पण तेच शेवाळ कावळ्याला खाऊ घाला, तो गुलाबी होणार नाही. म्हणजे खाण्यातला रंग पिसांत उतरवण्याची ताकद पुन्हा वारशाचीच. एकाच पक्ष्यात दोन्ही गोष्टी कशा गुंफल्यात ते दाखवायला याहून चांगला पक्षी नाही, आणि हिवाळा लागला की तो तुमच्या शाळेच्या मागे येऊन उभा राहतो.

कोपरखैरण्याची आई

मी शिक्षिका नाही. पण बाईंनी अनुवंशाचा धडा काढलाय म्हणून राहवलं नाही.

माझी मुलगी दत्तक आहे. तिला ते लहानपणापासून माहीत आहे, आमच्या घरात ते कधी लपवलेलं नाही. सहावीत असताना तिला शाळेतून घरचा उपक्रम आला: ‘तुमच्यातले कोणते गुण आईचे, कोणते बाबांचे ते तक्त्यात भरा. जीभ गुंडाळता येते का, कानाची पाळी चिकटलेली की सुटी, गालावर खळी.’ तिने संध्याकाळी तक्ता माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, ‘आई, मी रिकामा देऊ का खोटं भरू?’ मी त्या रात्री झोपले नाही. तिच्या वर्गात आणखी एक मुलगा होता, त्याचे वडील घर सोडून गेले होते. त्याने त्या दिवशी शाळाच बुडवली, हे नंतर त्याच्या आईने सांगितलं.

त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं, आणि मला जास्त राग आला, कारण तो तक्ता शास्त्राच्या दृष्टीनेही कच्चा आहे. जीभ गुंडाळणं एकाच जनुकाने ठरतं, हे १९४० साली स्टर्टव्हंट या मोठ्या शास्त्रज्ञाने सुचवलं होतं. बारा वर्षांत कुणीतरी एकसारखी जुळी भावंडं तपासली, तर काही जोड्यांत एकाला जीभ गुंडाळता येते आणि दुसऱ्याला नाही! दोघांची जनुकं तर सारखीच. पुढे स्टर्टव्हंटनेही आपलं म्हणणं मागे घेतलं. तरी तो तक्ता अजून फिरतोय. कानाच्या पाळीचंही तसंच, सुटी आणि चिकटलेली यांच्यामध्ये कितीतरी छटा असतात. उद्या एखादं मूल घरी येऊन म्हणेल, ‘तुम्हा दोघांना जीभ गुंडाळता येत नाही, मला येते, मग मी तुमचा नाही?’ त्याचं घर हलेल, आणि तेही चुकीच्या माहितीवर.

बाई, कृपा करून घरातल्या माणसांवर हा धडा बांधू नका. झाडांवर बांधा. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर गोकर्ण आहे, निळी आणि पांढरी. तिची फुलं बहुतेक स्वतःच्याच परागांनी फळतात, अनुवंशाचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यासारखी. निळीच्या बिया एका कुंडीत, पांढरीच्या दुसऱ्या कुंडीत लावल्या तर दोनेक महिन्यांत मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. माझ्या मुलीने सातवीत हे घरी केलं. तिने त्यात एक भर घातली: पांढऱ्या वेलींपैकी एकीचा शेंडा ती सारखा खुडत राहिली, वेल बुटकी झाली, आणि मग तिच्या शेंगेतल्या बिया लावल्या. नवी वेल सरळ वर गेली, गच्चीच्या कठड्यापर्यंत. ‘खुडलेलं खाली उतरत नाही’ हे तिचं वाक्य.

दिव्याचा नाखवा

बाईंनी निवटीचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी दिवा कोळीवाड्यातला. आजोबा आणि बाबा खाडीत जायचे, मी नोकरी करतो, पण रविवारी अजून होडी काढतो. तुमच्या वर्गात आमच्यातली पोरं असतील.

निवटीला पाय नाहीत, ते पुढचे पर आहेत, मजबूत झालेले, त्यांच्यावर ती रेटत पुढे सरकते. अंग ओलं असेल तोवर तिला बाहेर हवा घेता येते, कातडीतून आणि तोंडातून. उन्हात सुकली की मरते. म्हणून ती सारखी चिखलात लोळते. हे पोरांना विचारा, ती पुस्तकापेक्षा जास्त सांगतील.

मास्तर म्हणतात ‘फरक आधीपासून असतो’, ते पोरांना दाखवायचं असेल तर एका फेरीत धरलेल्या दहा-वीस निवट्या ओळीने मांडा. लांबून सगळ्या सारख्या. जवळून बघा, एकीचे पर रुंद, एकीचे ठिपके जास्त, एकीचं डोकं बसकं. पट्टी द्या हातात, मोजू द्या. निवटी नाही मिळाली तर मांदेली घ्या, करंदी घ्या. आमच्या बायकांच्या टोपलीत हा धडा रोज बसलेला असतो.

चाळण म्हणजे आमच्या भाषेत जाळं. जाळ्याच्या भोकापेक्षा मोठा मासा अडकतो, बारका निसटतो. मग पुढची पैदास कुणाची? बारक्यांची. बाबा म्हणायचे की पूर्वी खाडीत मासा मोठा मिळायचा, आता लहान झालाय. तर हीच तुमची नैसर्गिक निवड ना?

नौपाड्याचा मास्तर

नाखवा, तुम्ही लिहिलंत ते मी विद्यार्थ्यांना आधी सांगायला हवं होतं. जाळं ही चाळण आहेच, फक्त इथे भोकांतून जातात ते जगतात आणि वर राहतात ते पकडले जातात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड माशाची शतकानुशतकं मासेमारी झाली. १९९२ मध्ये साठा इतका खालावला की सरकारला ती बंद करावी लागली. तिथे दिसलं की उरलेले मासे कमी वयात, लहान आकारातच पैदाशीला येऊ लागले होते. उशिरा वयात येणारा मासा अंडी घालायच्या आधीच जाळ्यात जात होता.

पण तुमच्या बाबांच्या अनुभवाला थेट निवड म्हणण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. मोठे पकडून नेले म्हणून लहान उरले, एवढंच असेल तर ती नुसती छाटणी. खाडीचं पाणी बिघडलं, खाणं कमी झालं म्हणून मासा खुरटला असेल तर ते फ्लेमिंगोच्या रंगासारखं, परिस्थितीने आलेलं. लहान राहण्याचा गुण आईबापांकडून पिल्लांत उतरत असेल तरच ती निवड. बाई, हे तीनही पर्याय फळ्यावर लिहून मुलांना विचारा की कोणता खरा हे कसं शोधाल. उत्तर एकच नसलं तरी चालेल.

अजून एक. निवटी म्हणजे ‘बेडूक व्हायला निघालेला मासा’ असं कुणी म्हटलं तर थांबवा. ती आजच्या चिखलात आज पूर्ण आहे, कुठे निघालेली नाही. पाण्यातून जमिनीवर आलेल्यांच्या जवळचा प्राणी दाखवायचा तर २००४ मध्ये कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या बेटावर सापडलेला टिक्टालिक दाखवा, सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुना. मासाच, पण परांच्या आत खांदा, कोपर आणि मनगटासारखी हाडं. आणि ‘माणूस माकडापासून झाला, मग माकडं अजून का आहेत?’ हा प्रश्न येणारच. त्यावर एवढंच विचारा: तुझी चुलत बहीण तुझी आई आहे का? नाही, आमचे आजोबा एक आहेत. तसंच आपलं आणि चिंपांझीचं.

खाडीकाठची बाई

सर, ताई, दादा, तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

ताई, तुमचं वाचून मी आधी माझ्या कपाटातला तसाच एक तक्ता काढला आणि फाडून टाकला. पाच वर्षं मी तो वापरत होते. कुठल्या मुलाला काय सोसावं लागलं असेल ते मला कधीच कळणार नाही. तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

कान टोचल्याचा प्रश्न विचारल्यावर वर्गातल्या मुलींनी आपापले कान धरले आणि एक मोठं ‘हो की’ उठलं. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. खरं लिहायचंय ते कडधान्याच्या खेळाबद्दल.

चाळणीवरून सुचलं. एका मुलाच्या वडिलांनी बाजारातून एक रिकामं गोणपाट आणून दिलं. ते वर्गात जमिनीवर पसरलं आणि त्यावर मटकी, अख्खा मसूर, मूग आणि चवळी, प्रत्येकी २५ दाणे विखुरले. सहा मुलं पक्षी. टाळी वाजली की पाठमोऱ्या मुलाने वळायचं, जो दाणा पहिला दिसेल तो एकच उचलायचा आणि परत पाठ करायची. गोणपाटावर २५ दाणे उरले की थांबायचं. उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच्याच जातीची तीन पिल्लं, म्हणजे पुन्हा १००. फळ्यावर एक मुलगी मोजणी लिहीत होती.

पहिल्या फेरीत उरले मटकी १२, मसूर ७, मूग ४, चवळी २. पिल्लं घातल्यावर ४८, २८, १६ आणि ८. दुसऱ्या फेरीत मटकी १५, मसूर ८, मूग २, आणि चवळी संपली. तिसऱ्या फेरीनंतर गोणपाटावर मटकी ७६ आणि मसूर २४, बाकी कुणी नाही. मी विचारलं, ‘कुठल्या दाण्याने रंग बदलला?’ सगळे म्हणाले, कुणीच नाही. ‘मग गोणपाट आधी रंगीबेरंगी होतं, आता तपकिरी झालं, ते कसं?’ हे मुलांनी बरोबर सांगितलं. इथवर मी ठरवलं होतं तसं झालं.

पुढे मला दाखवायचं होतं की परिस्थिती बदलली की उरणारेही बदलतात, सरांच्या १९८३ च्या पावसासारखं. म्हणून गोणपाट काढून पांढरी चादर अंथरली आणि तेच शंभर दाणे त्यावर टाकले. माझ्या डोक्यात होतं की आता चवळी वाढेल. पण चवळी होतीच कुठे? ती दुसऱ्या फेरीतच संपली होती. मी तेवढी बाजूला राखून ठेवायला विसरले होते. पांढऱ्या चादरीवर मटकी आणि मसूर दोन्ही लख्ख दिसत होते आणि मुलं पटापट उचलत सुटली. मी खेळ थांबवून पुन्हा सुरुवातीपासून घेणार होते.

तेवढ्यात प्रयत्नांती परमेश्वर लिहिणारी ती मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘बाई, आता चवळीची गरज होती. पण ती आधीच संपली.’

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, ‘मग कितीही गरज असली तरी येणार कुठून?’

मी खडू खाली ठेवला. सर, तुम्ही म्हणाला होतात, प्रश्न विचारून थोडा वेळ काही बोलू नका. इथे तर प्रश्नही मी विचारला नव्हता. त्यांचं त्यांनीच बोलणं चालू ठेवलं. एकाने विचारलं, मटकीतच एखादा फिकट दाणा असता तर? सगळ्यांनी वाकून शंभर दाणे तपासले आणि दोन फिकट मटक्या शोधून काढल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी त्या दोन मटक्यांवर वाद चालू होता.

दुसऱ्या दिवशी घणसोलीचा एक मुलगा सांगायला आला, ‘बाई, आमच्या खोलीत ढेकणांना औषध मारतात, आता ते मरत नाहीत. आई म्हणते त्यांना सवय झाली. पण सवय नाही झाली ना? ज्यांना औषध लागत नव्हतं तेवढे उरले, आणि आता सगळी त्यांचीच पोरं.’ मी त्याला ते वर्गासमोर पुन्हा सांगायला लावलं.

गेल्या शुक्रवारी चाचणीत निवटीचाच प्रश्न पुन्हा दिला. या वेळी ‘गरज’ १२ जणांनी लिहिली. त्या बारांबरोबर मी अजून बसणार आहे, त्यांना बहुधा टोपलीतली मोजणी जास्त उपयोगी पडेल. दादा, पुढच्या रविवारी तुमच्याकडे मांदेली असेल का? पंचवीस पुरतील, पैसे देईन.

आणि ताई, शाळेच्या कुंपणाशी चार कुंड्या रिकाम्या आहेत. निळी गोकर्ण इथे भरपूर आहे, पांढरी मात्र कुठेच मिळत नाही.

कोपरखैरण्याची आई

पांढरी आमच्याकडे आहे. दोन शेंगा वेलीवर वाळत आल्यात, आठवड्याभरात तडकतील. मुलगी म्हणते तीच घेऊन येईल, आणि खुडलेल्या वेलीच्या बिया वेगळ्या पुडीत आणेल, नाव लिहून. लावण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवा, टरफल फार टणक असतं.

दिव्याचा नाखवा

बाई, पैसे नकोत. रविवारी भरती सकाळी आहे, अकरापर्यंत होडी लागेल. पोरांना पट्ट्या घेऊन धक्क्यावरच आणा, तिथे मांदेलीबरोबर निवट्याही मोजता येतील.